देहदान मेल्यावर कराच, पण जिवंतपणी तासभर हात-पाय द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या ठाण्याच्या पानावर अधूनमधून देहदानाच्या बातम्या येतात, अमुक संघाच्या ज्येष्ठ मंडळींनी फॉर्म भरले, खाली ग्रुप फोटो, सगळ्यांच्या हातात कागद. चांगलंच आहे, त्याबद्दल वाकडं बोलायचं नाहीये. १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट आपल्याकडे आहे, पण कित्येक वर्षं कॉलेजं चालली ती मुख्यतः बेवारस मृतदेहांवरच, आता लोक स्वतःहून देतात ही साधी गोष्ट नाही. पण मी नौपाड्यात फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते, नेरूळ-कामोठ्याकडून ट्रान्सहार्बर पकडून पोरं माझ्याकडे शिकायला येऊन बसतात, आणि त्यांच्याकडे बघून मला वाटतं की मेलेला देह मिळतोय आता कॉलेजांना, जिवंत माणूस मिळत नाहीये. त्यासाठी हे पत्र. थोडं लांबेल, कापायचंच असेल तर मधलं कापा, शेवटचं ठेवा.

पोरं हुशार आहेत, त्यात वाद नाही. मोबाईलवर थ्रीडी ॲप असतं, त्यात माणूस गरागरा फिरवायचा, वरची कातडी काढायची, एकेक स्नायू उचलून बाजूला ठेवायचा, तो सुरू कुठे होतो, चिकटतो कुठे, कुठली नर्व्ह त्याला जाते, धडाधडा सांगतात. पण खरा गुडघा समोर आला, तोही कोपरीहून आलेल्या एखाद्या काकूंचा, की बोटं अडतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, दाखव म्हटलं की बोट जातं त्याच्या मागच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, आणि चेहऱ्यावर कॉन्फिडन्स असा की मलाच शंका यावी. त्यांचाही दोष नाही म्हणा, हाताला दोन्ही सारखीच लागतात, दोन्ही घट्ट, दोन्ही गोल, आणि पुस्तकात जसे वेगवेगळे रंग दिलेले असतात तसे काकूंच्या गुडघ्यात नसतात.

मग ओळखायचं कसं? इथेच सगळी गंमत आहे आणि नेमकं हेच शिकवायला कोणाकडे वेळ नसतो. नुसतं दाबून मऊ की कडक यावरून फार काही कळत नाही, ती गोष्ट वागते कशी त्यावरून ओळखायची. आत्ता वाचता वाचता करून बघा. खुर्चीत बसा, तळपाय जमिनीवर, आणि टाच मागे खेचायचा जोर लावा पण पाऊल जागचं हलू देऊ नका. गुडघ्याच्या मागे बाहेरच्या बाजूला जे टचकन वर येतं ते मांडीच्या मागच्या स्नायूचं टेंडन, बायसेप्स फिमोरिस. जोर सोडला की ढिलं पडतं. आता तोच पाय दुसऱ्या पायावर आडवा टाका, घोटा गुडघ्यावर येईल असा, तलावपाळीच्या बाकड्यावर रिकामे बसतो तसे, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला बोट आडवं फिरवा. मांडीचं हाड संपतं तिथपासून खाली नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाचं टोक आहे तिथपर्यंत, मध्ये एक अरुंद ताठ पट्टा बोटाखालून सटकेल. ते लिगामेंट. स्नायू आवळा नाहीतर सोडा, त्याला काही पडलेली नसते, सांधा कुठल्या पोझिशनला आहे त्यावर ते ताणतं. टेंडन स्नायूचं ऐकतं, लिगामेंट सांध्याचं. हे ज्याच्या बोटाला एकदा कळलं तो परत सहसा चुकत नाही, पण कळायला समोर खरा गुडघा लागतो आणि मागे उभं राहून "अजून थोडं वर, हां, आता आडवं" म्हणणारं कोणीतरी लागतं.

धमनी त्यामानाने सोपी, ती स्वतःच ठोके देते. कोपराच्या घडीत मधोमध दंडाच्या बायसेप्सचं टेंडन लागतं, हात वाकवायचा जोर लावला की वर येतं, त्याच्या आतल्या अंगाला बोट सरकवलं की ठोका. बीपी बघताना स्टेथोस्कोप तिथे ठेवायचा असतो, आणि किती जण घडीत कुठेही टेकवून मोकळे होतात ते पुढच्या वेळी बघाच.

नर्व्ह मात्र नाजूक मामला. कोपराच्या आतल्या बाजूचं टोकदार हाड आणि कोपराचं मागचं टोक यांच्या मधल्या खाचेत अल्नर नर्व्ह असते, टेबलाच्या कडेवर आपटली की करंगळीपर्यंत करंट जातो ती. हलक्या बोटाने आडवं फिरवलं की घरंगळते, जास्त दाबायचं नाही, झिणझिण्या येतात. आपल्या राज्यात ही नर्व्ह हाताने तपासायचं काम फार जुनं आणि फार मोलाचं आहे, कारण कुष्ठरोगात नर्व्ह जाड होते आणि ते निदानाच्या मुख्य खुणांपैकी एक आहे. पाड्यावर मशीन नेऊन कोण बसणार, पेशंटची दोन्ही कोपरं दोन हातात धरायची आणि डावी-उजवी तुलना करायची. देशात कुष्ठरोगाचं प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारात एकाच्या खाली आलं तरी पेशंट आजही सापडतात. शहापूर-मुरबाडकडे या कामात आयुष्य काढलेले लोक आहेत, कागदावर शिक्षण जेमतेम, पण त्यांच्या बोटांना जी जाडी कळते ती मास्टर्स झालेल्यांनाही पटकन कळत नाही. त्यांना हे वर्गात बसून आलेलं नाही, रोज माणसांची कोपरं हातात धरून आलंय.

आणि माणसं सारखी नसतात हाही एक मुद्दा आहेच. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट जरासं आत वाकवा, मनगटाच्या मधोमध एक टेंडन उठून दिसेल, पाल्मारिस लाँगस. नाही दिसलं तर घाबरून मला फोन करू नका, काहींना तो स्नायूच नसतो, काहींना एका हाताला असतो दुसऱ्याला नसतो. पुस्तकात साधारण १५ टक्के लिहितात, देशागणिक आकडा बराच बदलतो. नसल्याने काही अडत नाही, म्हणून तर सर्जन लोक दुसरीकडे टेंडन जोडायला लागलं की पहिलं हेच काढून घेतात. आता ज्या पोराने फक्त आपल्या रूम पार्टनरचं मनगट बघितलंय आणि रूम पार्टनरला ते टेंडन नाही, त्याने काय शिकायचं?

स्पर्श ही काही दैवी देणगी वगैरे नसते, आणि "यांच्या हाताला गुण आहे" हे ऐकायला मलाही आवडतं पण ते खरं कारण नाही. वेबर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ होता, त्याने १८३४ मध्ये कंपासची दोन टोकं अंगावर ठेवून मोजलं की किती जवळ आणली तरी माणसाला दोन वेगळी टोकं कळतात. बोटाच्या टोकावर दोनेक मिलिमीटरवर पण कळतात, पाठीवर चार सेंटीमीटर लांब ठेवली तरी एकच वाटतं. आकड्याची पिन उघडून घरी एकमेकांवर करून बघा, नातवंडांना पण मजा येते. आणि २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या लोकांनी एक प्रयोग छापला, त्यात सपाट पृष्ठभाग आणि ज्यावर फक्त १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आहेत असा पृष्ठभाग, हे दोन साध्या माणसांच्या बोटांना वेगळे कळले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! म्हणजे हार्डवेअर सगळ्यांना मिळालेलंच आहे, ते वापरायचं कसं तेवढं कोणी सांगत नाही.

त्या प्रयोगात बोट सरकवून बघायचं होतं हे विशेष, कारण त्वचेतले बरेचसे सेन्सर बदल झाला की जागे होतात, बोट नुसतं ठेवून दिलं की थोड्या वेळाने गप्प बसतात. म्हणून आम्ही पोरांना सांगतो की समोरची गोष्ट स्थिर असेल तर तुझं बोट हलव, आणि समोरची गोष्ट स्वतः हलत असेल, नाडी असो, श्वास असो, सांधा असो, तर तू हलू नकोस. ऐकायला सोपं वाटतं, पण नवीन पोरगं नेमकं उलटं करतं, टेंडनवर बोट रोवून बसतं आणि नाडी शोधताना मनगटभर बोटं नाचवतं. दुसरं म्हणजे दाबणं. काही कळेना झालं की अजून जोरात दाबायचं ही सगळ्यांची पहिली सवय, आणि जितकं दाबाल तितकं कमी कळतं, बोट स्वतःच सुन्न होतं आणि खालचा स्नायू दुखून आवळतो. आंबा पिकला का बघताना जेवढा हात लावतो तेवढाच लावायचा, बाजारात कोणी आंबा चेचत बसत नाही. यासाठी एक जुना व्यायाम आहे, डोक्याचा एक केस वहीच्या पानाखाली ठेवायचा, डोळे मिटून तो कुठे आहे, कुठल्या दिशेने आहे हे बोटाने शोधायचं, सापडला की वर अजून एक पान, मग अजून एक. सुरुवातीला पोरं हसतात. थोड्या दिवसांनी आपापसात पैजा लावतात.

आता हालचाल. सांधा हलवून बघणं म्हणजे नुसतं किती अंश हलतो ते मोजणं नाही, जिथे थांबतो तिथे हाताला काय लागतं ते बघायचं असतं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचे जेम्स सिरियॅक्स म्हणून डॉक्टर होते त्यांनी हे नीट मांडलं, आम्ही त्याला एंड फील म्हणतो. समोरच्याचा हात ढिला सोडायला सांगा आणि तुम्ही त्याचं कोपर सरळ करा, शेवटी टक्क थांबतं, हाडावर हाड. तेच कोपर पूर्ण वाकवा, दंडाचं मांस आणि पुढच्या हाताचं मांस एकमेकांवर दबतं आणि मऊ थांबतं. खांदा बाहेरच्या बाजूला फिरवला तर तिसराच प्रकार, घट्ट पण किंचित ताणतो, कारण तिथे सांध्याभोवतीचं आवरण, कॅप्सूल, अडवतं. हे तीन नॉर्मल. मग फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे आखडून बसलेला, खांदा हातात घेतला, आणि डायबिटीसवाल्यांमध्ये हे जास्त दिसतं म्हणजे ठाण्यात पेशंटना तोटा नाही, तर तोच कॅप्सूलचा घट्टपणा फार लवकर लागतो, हात बाहेर फिरवायला सुरुवात केली न केली की अडला. आणि एक प्रकार असा की हाताला काहीच अडवत नाही, रस्ता पुढे मोकळा आहे असं वाटतं, पण पेशंट वेदनेने ओरडून थांबवतो. तिथे मी पोरांना सांगते, हात काढा, व्यायाम वगैरे काही नाही, आधी डॉक्टरकडे पाठवा, हे काहीतरी वेगळं असू शकतं. हा फरक कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही, कारण व्हिडिओत दोन्ही खांदे एकाच जागी थांबलेले दिसतात.

खांद्याचंच अजून एक सांगते कारण माझा तो आवडता विषय. हात वर उचलताना एकटा खांदा हलत नाही, मागचं फावड्यासारखं हाड, स्कॅप्युला, तेही बरोबर फिरतं. १९४४ मध्ये इनमन आणि सहकाऱ्यांनी याचं प्रमाण साधारण दोनास एक सांगितलं, म्हणजे १८० अंशातले १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० स्कॅप्युलाचे, पुढच्या अभ्यासात ते माणसागणिक बदलतं असंही दिसलं. स्कॅप्युलाच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि समोरच्याला हात सावकाश वर न्यायला सांगा. आधी ते टोक जवळजवळ जागच्या जागी, मग बाहेर आणि पुढे सरकायला लागतं. दुखऱ्या खांद्यात ते फार लवकर धावतं, सगळी हालचाल तेच करायला बघतं आणि खांदा कानाकडे चढतो. पोरांनी पहिल्यांदा हे अंगठ्याखाली पकडलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तसंच कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाड लागतं त्याच्या जरा खाली बोट ठेवून तळहात उलटसुलट करा, आत रेडियसचं, म्हणजे पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाचं, डोकं गोल फिरताना लागेल. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून आ करा, जबडा आधी जागच्या जागी फिरतो मग पुढे घसरतो आणि बोटाखाली खड्डा पडतो. मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यात वर आलेला दिसतो तो सातवा म्हणून धरतात, पण नेहमी तोच असतो असं नाही, म्हणून दोन शेजारच्या मणक्यांवर दोन बोटं ठेवून मान हळूच मागे न्यायला सांगायची, सहावा बोटाखालून पुढे पळतो, सातवा तिथेच राहतो.

हे सगळं मृतदेहावर शिकता येत नाही, आणि माझा मूळ मुद्दा तो आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं शरीर ताठ होतं, स्नायू आणि चरबी सगळ्याचा पोत बदलतो, सांधे तसे हलत नाहीत, नाडी नाही, ऊब नाही, आणि मुख्य म्हणजे "जरा टाच मागे ओढा बघू" म्हटलं तर ते ओढत नाही. रचना डोळ्याने बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, ते मी मान्यच करते, फिजिओच्या पोरांना बहुतेक आधीच कापून ठेवलेले भाग दाखवतात तेही पुरतं. पण हाताचं शिक्षण वेगळं आहे आणि आपल्याकडे हे फार पूर्वी माहीत होतं. सुश्रुत संहितेत मृतदेह पाण्यात सात रात्री ठेवून मग एकेक थर घासून काढून बघायची पद्धत आहे, आणि शिवाय वेगळा अध्याय आहे योग्यासूत्रीय नावाचा, त्यात शिष्याने कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यावर कापायचा सराव करायचा, मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ यावर वेध घ्यायचा, पट्टी बांधायला कापडी बाहुला. ग्रंथ कितीही वाचला तरी सराव केला नसेल तर तो कामाला अयोग्य असं तिथे स्पष्ट म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं पुस्तक, आणि आमच्याकडे अजून थिअरीला रात्री जागायचं आणि प्रॅक्टिकलला जर्नल पूर्ण असलं की झालं.

आता तुम्ही म्हणाल वर्गात मुलं एकमेकांवर करतात की. करतात, तेवढंच करतात. वीस-एकवीस वर्षांची सडपातळ पोरं, सांधे मोकळे, कातडी घट्ट, चरबी कमी. त्यात पुन्हा लाजणं असतं, मॉडेल व्हायला कोणी पुढे येत नाही, आलंच तर फुल पँट गुडघ्यापर्यंत गोळा करून, ती वर जातच नाही. एसीमध्ये हात थंडगार, नखं वाढलेली, अंगठ्या तशाच. नंतर ही पोरं नोकरीला लागतात आणि समोर येतो ६८ वर्षांचा माणूस, पाठीत बाक, मानेचे मणके वाढलेले, पोटावर ऑपरेशनची खूण, एक गुडघा बदललेला, कातडी सैल. त्याच्या कमरेवर हात ठेवला तर काहीच ओळखीचं लागत नाही. मग ओपीडीत शिकतील म्हणावं तर ओपीडीतला माणूस दुखतंय म्हणून आलेला असतो, त्याचे स्नायू आधीच आवळलेले, बाहेर रांग, त्याला सात पोरांनी आळीपाळीने चाचपायचं हे बरोबरही नाही आणि त्यातून कोणी फारसं शिकतही नाही. नॉर्मल म्हातारं शरीर कसं लागतं हे माहीत नसेल तर ॲबनॉर्मल काय कपाळ कळणार?

याचा परिणाम पेशंटला भोगावा लागतो. माझ्याकडे लोक एमआरआयची मोठी पिशवी घेऊन येतात आणि सांगतात, मॅडम अजून कोणी हात लावून बघितलंच नाही, फाईल बघितली आणि गोळ्या लिहिल्या. कुठल्या हॉस्पिटलचं ते मी लिहीत नाही, एकाचं नाही हे. एमआरआय वाईट नाही, लागतो तिथे लागतोच, पण २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या स्कॅनचा, तर विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा, दिसला आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. कसलाही त्रास नसताना! म्हणजे रिपोर्टात बल्ज लिहिलाय म्हणून तुमचं दुखणं त्याचंच आहे असं होत नाही, ते ठरवायला माणसाला वाकवून, वळवून, हात लावूनच बघावं लागतं.

पण हाताचीही फुशारकी नको, हे मी माझ्याच लोकांना सांगते. बोटाने डिस्क लागत नाही, कोणाच्याही लागत नाही. "मणका सरकलाय, बसवून देतो" म्हणणारे हाडवैद्य आहेत तसेच डिग्रीवाले पण आहेत आणि दोघंही ठोकून देतात. दोन तज्ज्ञांनी एकाच पाठीवर हात ठेवून कुठला मणका अडकलाय ते सांगायचं असे बरेच अभ्यास झालेत, दोघांचं एकमत फारसं होत नाही. कुठे दाबल्यावर दुखतं यावर मात्र बरंच जास्त जुळतं. यातून मी तरी असं समजते की जे तपासून बघता येतं तेच शिकवावं, आणि शिकवताना लगेच पडताळावं, पोराने टेंडन म्हणून पेनने खूण केली की स्नायू आवळायला लावायचा, उठलं तर बरोबर, नाही उठलं तर पुसून पुन्हा. वीकेंडच्या कोर्समध्ये हे होत नाही. तिथे सर्टिफिकेट मिळतं आणि गुरुजींबरोबर सेल्फी.

हात खरोखर तयार करता येतो याचं उदाहरण जर्मनीत आहे. तिथल्या फ्रँक हॉफमन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अंध बायकांना स्तनातल्या गाठी शोधायचं रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, छातीवर ब्रेलसारख्या खुणांच्या पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे गाठ नक्की कुठे लागली ते सांगता येतं, आणि मग पुढचं डॉक्टर बघतात. दिल्लीतही असं प्रशिक्षण सुरू झालंय. त्या बायकांना हे आंधळेपणामुळे आपोआप येत नाही, महिनोन्‌महिने शिकवतात आणि परीक्षा घेतात. निरोगी माणसांनी विद्यार्थ्यांसाठी पेशंट व्हायची पद्धतही नवी नाही, अमेरिकेत १९६३ च्या सुमाराला हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने सुरू केली, आज तिकडे अशा लोकांना पैसे देतात.

आपल्याकडे पैसे जाऊ द्या, माणसं तरी आहेत ना. ठाण्यात नाक्यानाक्यावर ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, उपवनला सकाळी, मासुंदा तलावाभोवती संध्याकाळी मंडळी असतातच, नवी मुंबईत सेक्टरगणिक विरंगुळा केंद्रं आहेत. देहदानाचा फॉर्म भरायचं धाडस जे करतात त्यांना तासभर खांदा आणि गुडघा उधार द्यायला काय हरकत असणार? माझी कॉलेजांना विनंती आहे की त्यांनी या संघांशी बोलावं. सोबत शिकवणारे सर किंवा मॅडम पूर्ण वेळ हजर पाहिजेत, नुसती पोरं सोडून द्यायची नाहीत. कुठे हात लावणार, कशासाठी, हे आधी मराठीत सांगून लेखी संमती, आणि मधेच "बास" म्हटलं की बास, कारण विचारायचं नाही. बायकांसाठी मुली आणि मॅडम, पडदा, अंगावर चादर. एका माणसावर दोन किंवा तीनच पोरं, सात नाही. फोटो, व्हिडिओ, रील अजिबात नाही. चहा आणि रिक्षाभाडं कॉलेजने द्यावं, तेवढी त्यांची ऐपत आहे, फी बघता.

आणि येणाऱ्यांनाही एक सांगते, हे मोफत तपासणी शिबिर नाही. "आता आलोच आहे तर माझी कंबर पण बघा" असं होणार हे मला माहीत आहे, पण पोरं शिकायला आलेली आहेत, निदान करायला नाही, त्यांना आधी तुमचं टेंडन तर सापडू दे. तुम्ही फक्त बोलत राहा, इथे दुखतं, इथे नाही, जोरात लागतंय, हात गार आहे. सगळ्यात जास्त ती त्यातूनच शिकतात, कारण वर्गातला मित्र कधीच सांगत नाही की तुझं नख लागतंय.

संपादक साहेब, पुढच्या वेळी देहदानाची बातमी छापाल तेव्हा खाली दोन ओळी यासाठी पण टाका. नौपाडा, कोपरी, कळवा इथल्या कुठल्या संघाला सुरुवात करायची असेल तर मी रविवारी सकाळी यायला तयार आहे, हॉल आणि दोन टेबलं मिळाली तरी चालेल, पोरांना मी घेऊन येते. मंडळींनी येताना सैल हाफ पँट किंवा जुना गाऊन आणावा, आणि कृपा करून गुडघ्याला बाम चोपडून येऊ नये, बोटं घसरतात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
नौपाडा, ठाणे पश्चिम